काकड्याची यादी फोनमध्ये रिकामी का येते

तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. जांबोटी भागातल्या तुमच्या गावात कार्तिकात काकडा असतो. त्यासाठी तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवर ११२ भजनांची क्रमवार यादी केली. गाणी आणि यादी दोन्ही केबलनं फोनमध्ये टाकली. फोनमध्ये यादीचं नाव दिसतं, पण उघडली की आत काहीच नाही. सुटी गाणी शोधून लावली तर वाजतात. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सिंकचं, म्हणजे कॉम्प्युटर आणि फोनमधल्या फाइली आपोआप जुळवणारं, एक ॲप घातलं, तर ७४ गाणी यादीत आली आणि ३८ आलीच नाहीत. आता मंडळातल्या आणखी तिघांना हीच यादी द्यायची आहे.

बेळगावातल्या शहापुरात माझं कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, १७ वर्षं झाली. गणपतीच्या आधी आणि कार्तिकाच्या तोंडावर आठवड्याला एखादं तरी गिऱ्हाईक येऊन सांगतं, "गाणी कॉप्या झाल्यात की ओ, पण यादी रिकामीच येतीय." फोन बिघडला असं समजून ते आलेलं असतं. फोन धड असतो. तुमच्या बाबतीतही तसंच आहे असं मला वाटतं. फक्त तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. यादी रिकामी येणं हा एक आणि ३८ गाणी गळणं हा दुसरा. पहिल्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दुसऱ्याचं मात्र तुमची गाणी कुठून आली, नावं कशी दिली, फोनमध्ये कार्ड आहे का, यावर अवलंबून आहे.

पहिल्यापासून सुरू करू. कॉम्प्युटरवर त्या यादीच्या फाइलवर राइट क्लिक करा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक ती एम३यू किंवा एम३यू८ प्रकारची असेल. आत गाणं नसतं, साधा मजकूर असतो. काही ओळी हॅशच्या चिन्हानं सुरू होतात, त्यात गाण्याचं नाव आणि ते किती सेकंदांचं आहे हे लिहिलेलं असतं. त्या सोडून द्या. त्यांच्या खालची ओळ महत्त्वाची. ती साधारण अशी असेल:

डी:\गाणी\काकडा\०१ भूपाळी.एमपी३

हा पत्ता आहे. यादी म्हणजे अशा ११२ पत्त्यांचा कागद. तुमच्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्ह आहे म्हणून तिथं तो चालतो. फोनमध्ये डी ड्राइव्ह नावाची गोष्टच नाही. तिथं तीच गाणी स्टोरेज/इम्युलेटेड/०/म्युझिक अशा वाटेवर असतात, आणि मेमरी कार्डात टाकली असतील तर स्टोरेजच्या पुढे त्या कार्डाचा चार-चार अक्षरांचा क्रमांक येतो, जो प्रत्येक कार्डाचा वेगळा. शिवाय विंडोजचा तिरका दांडा उलटा, फोनचा सुलटा. प्लेयर यादीतला एकेक पत्ता घेऊन शोधायला जातो, ११२ वेळा हात हलवत परत येतो आणि रिकामी यादी दाखवतो. गाणी शेजारीच पडून असतात.

म्हणून पत्ता असा लिहायचा की कुठल्याही फोनमध्ये तो लागू पडेल. गोवावेसवरून टिळकवाडीला कसं जायचं हे सांगितलेलं निपाणीच्या स्टँडवर उतरलेल्या माणसाच्या कामाचं नाही, पण "शेजारच्या घरात" हे सांगणं कुठल्याही गावात चालतं. यादीची फाइल गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि आत फक्त गाण्याच्या फाइलचं नाव ठेवायचं. मग प्लेयर यादी जिथं आहे तिथंच, तिच्या शेजारी बघतो.

हे हातानं करायला दहा मिनिटं लागतात. काकड्याची सगळी गाणी एका फोल्डरमध्ये आणा. यादीची फाइलही तिथंच ठेवा आणि तिची एक कॉपी बाजूला काढून ठेवा, म्हणजे चुकलं तर मूळ यादी हाताशी राहील. मग नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि एच दाबा. 'शोधा'च्या चौकटीत डी:\गाणी\काकडा\ हा पुढचा भाग जसाच्या तसा टाका, 'बदला'ची चौकट रिकामी सोडा आणि सगळीकडे बदला म्हणा. आता प्रत्येक ओळीत फक्त '०१ भूपाळी.एमपी३' एवढंच उरायला हवं. काकड्याच्या फोल्डरमध्ये हरिपाठाचा वेगळा फोल्डर असेल तर 'हरिपाठ\०३...' असं उरेल. तेही चालतं, फक्त तिथला उलटा दांडा सुलटा करून घ्या. नंतर सेव्ह ॲज करताना खाली एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, विचारलं जातं, तिथं यूटीएफ-८ निवडा आणि फाइलच्या नावाचा शेवट एम३यू८ असा ठेवा.

ही एन्कोडिंगची पायरी आपल्याकडे कुणी गाळू नये. २०१९ च्या आधीच्या विंडोजमधला नोटपॅड फाइल आपणहून जुन्या पद्धतीनं सेव्ह करायचा, आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. तो एक सूचना दाखवतो, आपण घाईत ओके दाबतो, आणि 'भूपाळी'च्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं उमटतात. पुन्हा उघडलं तरी अक्षरं परत येत नाहीत, ती गेलेलीच असतात. इंग्रजी नावाची गाणी वाजतात आणि मराठी नावाची वाजत नाहीत अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. आपल्या भागातल्या मंडळांच्या यादीत वारकरी अभंगांच्या शेजारी कन्नड दासरपदंही (कर्नाटकातल्या हरिदास संतांची भक्तिगीतं) असतात. यूटीएफ-८ मध्ये दोन्ही लिप्या एकाच फाइलमध्ये नीट राहतात. जुन्या नोटपॅडची आणखी एक खोड म्हणजे यूटीएफ-८ निवडलं तरी तो फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालतो. काही प्लेयर तिला पहिल्या गाण्याच्या नावाचा भाग समजतात आणि फक्त पहिलंच गाणं गायब होतं. पहिल्या ओळीत गाण्याऐवजी हॅशची ओळ असेल तर हा त्रास होत नाही, म्हणून ती ओळ पुसू नका.

आता गळलेल्या ३८ गाण्यांकडे येतो. तुम्ही त्या ३८ गाण्यांची नावं एका कागदावर काढा आणि त्यांच्यात काय सारखं आहे ते बघा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्रकरणांत उत्तर त्या कागदावरच सापडलं आहे.

सगळी एका जुन्या सीडीतून घेतलेली असतील तर फाइलच्या नावाचा शेवट बघा. एक्सपीच्या काळात विंडोज मीडिया प्लेयरनं सीडी कॉपी केली की तो आपणहून डब्ल्यूएमए प्रकारच्या फाइली करायचा. कॉम्प्युटरवर त्या आजही वाजतात, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या आतल्या प्लेयरला त्या वाचता येत नाहीत, आणि सिंकची ॲपं अशा फाइली गुपचूप वगळतात. फोनमध्ये व्हीएलसी नावाचं प्लेयर ॲप घातलं तर त्या वाजतील. कायमचं काम करायचं असेल आणि सीडी अजून घरात असेल तर तिच्यावरून नव्यानं एमपी३ करा. सीडी नसेल तरच डब्ल्यूएमएचं एमपी३ करा. दाबलेला आवाज पुन्हा दाबला जातो आणि टाळ-चिपळ्यांचा वरचा सूर थोडा खरखरीत होतो. भजनात तो कानाला लगेच लागतो. त्याच प्लेयरची डब्ल्यूपीएल नावाची यादीची फाइलही असते. तुमची यादी तशी असेल तर आधी एम३यू८ मध्ये सेव्ह करून घ्या, वरचं सगळं त्यानंतर.

३८ गाणी वेगवेगळ्या ठिकाणची असतील आणि त्यातल्या बऱ्याच नावांत ऱ्य, ऱ्ह किंवा ॲ असेल, तर मात्र मामला अस्सल मराठी आहे. याबद्दल इंग्रजीतल्या उत्तरांत फारसं सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'वारकऱ्यांची' हा शब्द घ्या. त्यातला आडवा रफार कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत मराठीसाठी असलेलं ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरीत साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारी जोडखूण, मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, भिंग लावून बघितलं तरी फरक कळणार नाही. मशिनला मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. कॉम्प्युटरचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरतो आणि फोनचा कीबोर्ड दुसरी, असं सर्रास होतं. ॲ चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या जागतिक संकेतयादीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि जुन्या फोल्डरांची नावं अजून तशीच आहेत.

याचा फटका कुठं बसतो? तुम्ही यादी कॉम्प्युटरवर केली, गाणी फोनमध्ये टाकली, आणि मग कधीतरी फोनमध्ये बसल्या बसल्या चार गाण्यांची नावं शुद्ध करून घेतली. नाव बदलून पुन्हा होतं तसं केलं तरी आतून ते वेगळं झालेलं असतं. यादी जुन्या नावानं हाक मारते आणि गाणं ओ देत नाही.

वडगावच्या एका मंडळाच्या यादीत असाच घोळ होता. मी, मंडळाचे बुवा आणि त्यांची नात असे तिघं दुकानात तासभर दोन नावं एकाखाली एक ठेवून बघत बसलो. शेवटी एका नावाची अक्षरं बॅकस्पेसनं एकेक पुसत गेलो. त्या जोडाक्षरापाशी अपेक्षेपेक्षा एक बॅकस्पेस जास्त लागला, आणि तिथं कळलं की मध्ये काहीतरी न दिसणारं बसलंय. तुम्हीही तसं करून बघू शकता.

उपाय सोपा आहे. नावं एकाच ठिकाणी बदला, कॉम्प्युटरवर, आणि नंतर फोनमध्ये अख्खा फोल्डर नव्यानं टाका. मी तर गिऱ्हाइकांना फाइलच्या नावातच हे जोडाक्षर टाळायला सांगतो. '०४५ गौळण' एवढं फाइलचं नाव पुरतं. पूर्ण नाव, गायक, राग हे सगळं गाण्याच्या आतल्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या माहितीच्या चौकटीत, लिहा. एमपी३टॅग नावाचा विंडोजचा प्रोग्रॅम या कामाला चांगला आहे. टॅगमध्ये गायकाचं नाव मात्र एकाच पद्धतीनं ठेवा. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व मी एकाच फोनमध्ये चार वेगळे गायक होऊन बसलेले पाहिलेत. एकदा नुसतं नाव, एकदा पंडित लावून, एकदा अर्धा न घालून, एकदा इंग्रजीत. काही सिंक ॲपं गाणं पत्त्याऐवजी टॅगवरून ओळखतात, तिथं अशा नावांमुळे गाणी दुपटीनं येतात किंवा सुटतात.

नावांतच आणखी एक छोटी गोष्ट. प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा दिसणारा दोन टिंबांचा कोलन, तारा, उभी रेघ ही चिन्हं विंडोजमध्ये आणि मेमरी कार्डावर फाइलच्या नावात चालत नाहीत. कुणी मॅकवर नावं दिली असतील तर कॉपी होताना ती गाणी अडतात किंवा नाव बदलून येतात.

केबलबद्दल फार लिहीत नाही. केबल लावल्यावर फोन आधी फक्त चार्ज होतो, वरून सूचना ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं. स्वस्तातल्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच, त्यांनी हा पर्याय कधीच येणार नाही. कॉपी चालू असताना फोनला हात लावू नका, मध्येच तुटली तर पुढची गाणी राहतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फोल्डरमधल्या फाइली मोजा. तुमच्याकडे ११२ गाणी आणि एक यादी मिळून ११३ आल्या पाहिजेत. आकडा जुळला तरी प्लेयरमध्ये दिसत नसतील तर फोन एकदा बंद करून चालू करा, म्हणजे तो गाण्यांची नोंद नव्यानं करतो. फोल्डरमध्ये नोमीडिया नावाची लपलेली फाइल असेल तर ती काढा, कारण ती असेपर्यंत प्लेयर त्या फोल्डरकडे बघत नाही.

फोनमधला प्लेयर कुठला आहे हेही महत्त्वाचं. काही प्लेयर यादीची फाइल वाचतात, काही फक्त स्वतःच्या आत केलेली यादी मानतात आणि बाहेरची फाइल दाखवतच नाहीत. म्हणून चौघांच्याही फोनमध्ये एकच प्लेयर घाला. मी व्हीएलसी घालायला सांगतो, कारण फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर आहे आणि एम३यू८ वाचतो.

चौघांपैकी कुणाकडे आयफोन असेल तर तिथलं मूळ म्युझिक ॲप वेगळ्या शिस्तीचं आहे. त्यात केबलनं घातलेली गाणी एका वेळी एकाच कॉम्प्युटरच्या संग्रहाशी बांधलेली राहतात. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून सिंक म्हटलं की आधीची गाणी पुसून नवी घालू का, असं विचारलं जातं. तो प्रश्न वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑनलाइन लायब्ररीचं सिंक चालू असेल तर केबलनं गाणी घालायची सोयच बंद राहते. तुमच्या कामासाठी त्या वाटेला जाऊच नका, व्हीएलसीमध्येच फोल्डर घाला. गाण्यांच्या ऑनलाइन ॲपवर केलेली यादी हा तर वेगळाच विषय. ती त्या खात्याची असते, आणि डाउनलोड केलेली गाणी त्या ॲपच्या बाहेर फाइल म्हणून निघत नाहीत. जांबोटी-कणकुंबीकडे रेंजची काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. काकड्यासाठी त्यावर अवलंबून राहू नका.

राहिला सिंकच्या ॲपचा प्रश्न. इथं मी एक चूक केलेली आहे ती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कीर्तनकार काकांच्या कॉम्प्युटर आणि फोनमध्ये मी दोन्ही बाजूंनी चालणारं सिंक लावून दिलं. इकडे बदललं की तिकडे, तिकडे बदललं की इकडे. फोन भरला म्हणून काकांनी एका संध्याकाळी फोनमधून साठेक जुनी गाणी काढली. रात्रीत ती कॉम्प्युटरवरूनही गेली, कारण मी लावून दिलेल्या व्यवस्थेला तसंच सांगितलेलं होतं. त्यांच्या गुरूंच्या आवाजातलं कॅसेटवरून उतरवलेलं कीर्तन त्यात होतं. एका जुन्या पेनड्राइव्हवर बरंचसं मिळालं, सगळं नाही मिळालं. त्यानंतर मी कुणाच्याही संग्रहाला दुतर्फा सिंक लावून देत नाही. मूळ जागा एकच, कॉम्प्युटर. फोनमध्ये तिथून फक्त यायचं, फोनमधून परत काही जायचं नाही. आणि कॉम्प्युटरवरच्या संग्रहाची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढून कपाटात.

रोज बदल होत असतील आणि केबलचा कंटाळा येत असेल तर सिंकथिंग वापरता येतं. घरच्या वायफायवर ते कॉम्प्युटरवरचा फोल्डर फोनशी जुळवतं, आणि त्यात कॉम्प्युटरला 'फक्त पाठवणारा' आणि फोनला 'फक्त घेणारा' ठरवता येतं. त्याचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, आता त्याचा फोर्क, म्हणजे त्याच्यावरून दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती, चालतो. पण वर्षातून एकदा ठरलेली ११२ भजनं चौघांना द्यायची असतील तर एवढ्याची गरज नाही.

उलट तुमच्या कामाला यादीचीही गरज आहे का, असं मी विचारेन. काकड्याचा क्रम ठरलेला असतो. फाइलींना ००१ ते ११२ असे तीन आकडी क्रमांक द्या आणि व्हीएलसीमध्ये तो फोल्डरच लावा. तीन आकडी का, तर दोन आकडी ठेवले तर काही प्लेयर १० नंतर १०० लावतात, मग १०१, आणि ११ त्यानंतर कधीतरी येतो. फोल्डरची पद्धत पेनड्राइव्हवरही चालते, म्हणजे देवळातल्या ॲम्प्लिफायरलाही लावता येईल. तिथं दोन गोष्टी सांभाळा. अशा मशिनांना बहुधा एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह लागतो. आणि बरीच मशिनं नावाचा क्रम बघत नाहीत, ज्या क्रमानं गाणी कॉपी झाली त्याच क्रमानं वाजवतात. म्हणून पेनड्राइव्ह रिकामा करून, फोल्डर नावानुसार लावून, पहिल्यापासून ओळीनं कॉपी करा.

तर आधी यादी नोटपॅडमध्ये उघडून पत्ते बघा आणि ३८ नावं कागदावर काढा. फोल्डर तयार झाला की एका फोनवर तो पूर्ण जमवा, मगच उरलेल्या तिघांना द्या. देण्याआधी फोन विमान मोडवर टाकून ००१, ०५६ आणि ११२ ही तीन भजनं लावा, आणि ज्यांच्या नावात पूर्वी ऱ्य होता त्यातलं एखादं. पहाटे चारला देवळात उभं राहून हे शोधायला लागू नये. एवढं करूनही एखादं गाणं अडलंच तर यादीतली त्याची ओळ आणि फोल्डरमधलं त्याचं नाव, दोन्ही टाइप न करता कॉपी करून इथं टाका. टाइप केलंत तर नेमका फरक तिथंच पुसला जाईल.